वाऱ्यात नाही, आगीत नाही

आई: पुन्हा कर. सावकाश. आणि ह्या वेळी कानाला बोट लावायचं नाही.

(आई जन्मापासून बहिरी, लेक ऐकणारी. दोघी शिवणयंत्राच्या दोन बाजूंना समोरासमोर बसल्या आहेत. इथलं सगळं बोलणं हातांनी चाललेलं आहे. थोड्या वेळाने जो पाहुणा येईल तोही हातांनीच बोलेल.)

लेक: कानाला नको तर कुठे लावू? देवाची वाणी आहे ती, आई. वाणी ऐकायची असते.

आई: कुणी ऐकायची?

लेक: अशी बघू नकोस माझ्याकडे.

आई: बघू नको तर तुझं बोलणं कळणार कसं? सांग, उद्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर कोण बसणार आहे?

लेक: तू. तुझ्या शेजारी इस्त्रीवाल्या मावशी. मग छापखान्यातले दोघे भाऊ.

आई: ह्यांतल्या कुणाला ऐकू येतं?

लेक: कुणालाच नाही. म्हणून तर मी पुढे उभी असते ना, पाळकसाहेबांचं बोलणं हातांनी सांगायला! आणि सुतारकाका. ते आले तर.

आई: नाही यायचा तो. शाळेपासून ओळखते मी त्याला. एकदा रुसला की त्याचा खांब होतो.

लेक: माझ्यामुळेच रुसले ते. गेल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, ज्याला कान आहेत त्यानं ऐकावं. आणि मी आपली जसंच्या तसं, दोन्ही कान धरून...

आई: शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

लेक: हसतेस काय! काका उठले, छत्री घेतली आणि चालू उपासनेतून सरळ बाहेर. मला त्यांच्यामागे जाता येईना, थांबताही येईना. पाळकसाहेब बोलतच होते आणि माझे हात चालतच होते.

आई: मिशी बोलायला लागला की थांबतोय कुठे!

लेक: पाळकसाहेब म्हण गं.

आई: आमच्या हातांवर त्याचं नाव मिशी. तुझं नाव खळी, माझं नाव टाका, तसं त्याचं मिशी. त्याला माहीत आहे, आवडतंही. परवा मला रस्त्यात भेटला तर स्वतःच नाकाखाली दोन बोटं फिरवून हसला. आणि हे बघ, तुझं काम नाही म्हटलं तरी बरं असतं. पण तू तोंडातून निघालेला शब्द उचलतेस आणि तसाच आमच्या पुढ्यात टाकतेस. आठवतं ना ते 'डोळे मिटा'?

लेक: ते नको काढूस.

आई: काढणार! मिशी म्हणाला, डोळे मिटून प्रार्थना करू या. तू इमानदारीत सांगितलंस, डोळे मिटा. आम्ही शहाण्यासारखे मिटले. आणि तू पुढे एकटीच हात हलवत उभी! आमची प्रार्थना संपली की नाही हेच कळेना. मी एक डोळा किलकिला करून बघितलं, तर सुतारही एक डोळा उघडून माझ्याचकडे बघत होता.

लेक: मला तेव्हा जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

आई: मला मात्र वर्षभराचं हसू मिळालं. चल, कर पुन्हा. गुहेपासून.

लेक: बरं. एलीया. देवाचा माणूस. राणी त्याच्या जिवावर उठलेली, म्हणून तो पळालाय. थकलाय, मरण मागून झालंय, आता डोंगरावर गुहेत येऊन बसलाय. देव त्याला म्हणतो, बाहेर येऊन उभा राहा. आणि मग सुटतो वारा.

आई: अजून मोठा. डोंगर फोडणारा वारा आहे तो, तू पंखा लावतेयस.

लेक: असा?

आई: आता कसा! माझा पदर उडाला.

लेक: पण देव त्या वाऱ्यात नव्हता. मग भूकंप. देव भूकंपातही नव्हता. मग आग, आणि देव आगीतही नव्हता. आणि त्या आगीनंतर अगदी मंद, बारीक अशी एक वाणी...

आई: गेलं बोट कानाला.

लेक: मग काय करू? दुसरं काही नाहीच आहे तिथे! हीच तर सगळ्या धड्याची किल्ली आहे. देव गडगडाटात बोलला नाही, हळूच बोलला. ती वाणीच मला दाखवता आली नाही तर उद्या मी नुसता वारा आणि आग घेऊन उभी राहू? आई! आई, डोळे उघड. हे बरं आहे तुझं. आई!

आई: दिवा कशाला उघडझाप करतेस? डोळे मिटले ना मी, म्हणजे भांडण संपलं. लहानपणापासून एवढं शिकली नाहीस?

लेक: लहानपणापासून एवढंच शिकलेय की तू डोळे मिटलेस की दिव्याचं बटण दाबायचं. पापणीतूनही कळतं तुला.

आई: डॅम्बिस आहेस. बरं, ऐक. माझा राग नाही. मला पण नाही सुचत गं काही. आम्ही शाळेत होतो तेव्हाही ह्या गुहेपाशी अडलो होतो, आणि तिथे कुणाला विचारायचीही सोय नव्हती. आता जरा मला ही बाही लावू दे. बाही लावताना मला बोलता येत नाही आणि बोलताना बाही लागत नाही.

लेक: थांब, दारावरचा दिवा लागला. बाहेरून कुणीतरी बटण दाबतंय.

आई: दिसतंय. तीन वेळा लागोपाठ दाबणारा ह्या गावात एकच माणूस आहे. जा, उघड. आणि तोंड पाडू नकोस.

लेक: या ना काका. या.

सुतार: यंत्राचा ड्रॉवर. अडकत होता. तासला.

आई: आधी तो खाली ठेव. बगलेत ड्रॉवर धरून एका हातानं बोलतोयस, बोबडं वाटतंय.

सुतार: घे. ठेवला. आता सरकेल. गाठीवरचं लाकूड फुगलं होतं. जातो मी.

आई: बस.

सुतार: दुकान उघडं आहे.

आई: बस म्हटलं ना. ही तुझ्यामुळे आठवडाभर धड जेवली नाही.

लेक: आई! काका, मी माफी मागायला येणारच होते. मी ते कान धरून दाखवायला नको होतं. मला कळायला हवं होतं.

सुतार: कसली माफी? मिशी जे म्हणाला ते तू सांगितलंस. तुझं काम चोख. माझा राग तुझ्यावर नाही, खळी.

लेक: मग पाळकसाहेबांवर?

सुतार: त्याच्यावरही नाही. त्यानं पुस्तकात आहे ते वाचलं.

आई: म्हणजे पुस्तकावर. म्हणजे थेट वर!

सुतार: हसू नकोस. मी विचार करून सांगतोय. मिशीनं बायबल ठेवायचं स्टँड करायला दिलंय, ते पुरं करतो, नेऊन देतो. त्यानंतर रविवारी दुकान उघडं ठेवणार. तिथे माझं काम नाही.

लेक: काका, असं नका ना करू. एका वाक्यासाठी?

सुतार: एक? कुठलंही पान उघड. देव बोलला आणि अमक्यानं ऐकलं. देवानं हाक मारली आणि तमक्यानं ओ दिली. आदाम ऐकतो, अब्राहाम ऐकतो, मोशे ऐकतो. पुस्तकभर देव बोलत सुटलाय आणि मी काचेबाहेर उभा. उद्याचा धडा तर मी घरीच वाचून आलो.

लेक: एलीयाचा?

सुतार: तोच. वारा. वारा मला कळतो, अंगाला लागतो. भूकंप मला तुझ्याआधी कळेल, पायांतून. आग दिसते. ही तीनही माझ्या मापाची. आणि पुस्तक काय म्हणतं? देव ह्यात नाही. त्यात नाही. तिसऱ्यातही नाही! जे जे माझ्यापर्यंत पोचतं त्यात तो नाही. आणि एकच गोष्ट मला कळत नाही, तिच्यात नेमका तो आहे!

आई: अरे, केवढ्यानं ओरडतोयस. हात आवर, ती कात्री पडेल.

सुतार: ओरडणारच. आयुष्यभर हात दाबून बसलोय.

लेक: काका, खरं सांगते, मी हे असं कधी वाचलंच नव्हतं. मला त्यातलं फक्त 'मंद' दिसलं. किती छान, किती कोमल, असंच वाटलं.

सुतार: तुझ्यासाठी छानच आहे. मी नाही म्हणत नाही.

आई: शाळा सांग तिला.

सुतार: तूच सांगितली असशील.

आई: मी सांगितली नाही. मला ती शाळा हसून सांगता येते आणि तुला येत नाही, म्हणून तूच सांग.

सुतार: सांगण्यासारखं काय त्यात. आम्ही एका बाकावर होतो, तुझी आई आणि मी. सकाळी प्रार्थना असायची. मास्तर म्हणायचा, देवाशी तोंडानं बोलायचं. हात म्हणजे माकडचाळे. म्हणून आम्हाला हातांवर बसवायचे.

लेक: हातांवर?

सुतार: तळवे बाकाला टेकवून, त्यांवर बसायचं. मास्तर आमच्या गळ्याला बोटं लावून बघायचा, आवाज फुटतो का. देवाचं नाव नीट निघालं की सुटका. तुझ्या आईचं निघायचं. माझं कधी निघालं नाही.

आई: माझं तरी कुठे निघायचं! मी नुसता गळा थरथरवायचे. मास्तर खूश. मी काय म्हणत होते ते देवालाच ठाऊक.

सुतार: हिला चकवणं जमायचं. मला नाही. मी तेव्हाच ठरवलं, देवाला तोंडवाले लोक आवडतात. मोठा झालो, चर्चमध्ये आलो ते तू पुढे उभी राहायला लागलीस म्हणून. हातांनी सांगणारं कुणी आलं, म्हटलं, बघू तरी. आणि गेल्या रविवारी पुन्हा तेच. कान असलेल्यांनी ऐकावं.

लेक: मला हे माहीत असतं तर...

सुतार: तर काय? वाक्य बदललं असतंस? मग तुझ्यावर विश्वास कसा ठेवला असता मी?

आई: एवढं बोललास ना, आता चहा घे. नको म्हणू नकोस, आधण ठेवलंय.

लेक: काका, एक विचारू? आत्ता तुम्ही दारावर आलात तेव्हा आम्हाला हाक मारलीत ना?

सुतार: हाक कशाची? बटण दाबलं.

लेक: आणि आईनं मान वर केली.

सुतार: दिवा लागला, केली.

लेक: आणि त्याच्या आधी आई डोळे मिटून बसली होती, तेव्हा मीही दिवाच उघडझाप केला. आपल्या घरी हाक म्हणजे दिवाच ना? मग पुस्तकाच्या पहिल्याच पानावर देव तोंड उघडतो तेव्हा काय होतं? उजेड हो, म्हणतो. आणि उजेड होतो. ऐकायला तिथे कुणीच नव्हतं, काका. कान नव्हता, माणूस नव्हता. त्याचं पहिलं बोलणं कुणी ऐकलंच नाही. ते दिसलं.

आई: हे बरं काढलंस गं.

सुतार: बरं आहे. कबूल. पण उजेड सगळ्यांसाठी लागतो. दगडावर पडतो, गाढवावर पडतो. ती हाक नाही. हाक म्हणजे नाव घेऊन बोलावणं. तो लहान शमुवेल होता, त्याला तशी हाक मारली. अंधारात निजला होता. नाव घेतलं आणि तो उठला. माझ्याशी अंधारात कोण बोलणार? अंधार झाला की माझं बोलणं बंद. माझ्या बायकोला रात्री काही सांगायचं असलं तर उठून दिवा लावावा लागतो.

आई: अंधारात बोलता येतं.

सुतार: कसं?

आई: तू विचारतोस? तूच पाळणा केलास तो.

लेक: कुठला पाळणा?

आई: तुझा. तू झालीस तेव्हा घरात सगळे म्हणायला लागले, आई बहिरी, पोर रात्री रडलं तर हिला कळणार कसं? पोरीला आजीकडे ठेवा. मी ह्याच्या दुकानात गेले. म्हटलं, एक बाजू बुटकी कर. माझ्या अंथरुणातून हात पोचला पाहिजे.

सुतार: बुटक्या बाजूला बारीक कठडा लावला होता. गोल घासून. मनगटाला लागू नये म्हणून.

आई: रोज रात्री मी तुझ्या छातीवर हात ठेवून झोपायचे. तू रडायच्या आधी श्वास बदलायचा. ते कळायचं मला. आजीला ऐकू जायच्या आधी मी तुला उचललेलं असायचं. आणि तू झोपेत दचकलीस की मी हात जरासा दाबायचे. एवढासाच. तू शांत व्हायचीस. मी काय बोलले तुला तेव्हा? नाव घेतलं? गाणं म्हटलं? तरी तुला कळायचं की ही आई आहे, दुसरं कुणी नाही. दुसऱ्या कुणाचा हात ठेवून बघितलाय आम्ही, तू भोकाड पसरायचीस.

लेक: मला हे कधी सांगितलं नाहीस तू.

आई: सांगायचं काय त्यात? हात ठेवला होता. इकडे ये. रडतेस काय, वेडाबाई! तिकडे बघ, सुतारही खिडकीकडे बघतोय म्हणजे त्याच्या डोळ्यांत कुसळ गेलं.

सुतार: भुसा.

आई: तोच तो. खळी, पुन्हा कर तुझी गुहा. मला सुचलं. वारा कर मोठा. भूकंप कर. आग कर, चांगली उंच. आता थांब. हात खाली सोड. आणि कुणालाही वाटेल की संपलं, तेवढं थांब. आता तळवा पुढे घे, पालथा, आणि ठेव. जशी पोराच्या छातीवर ठेवतात तसा. जराच दाब. बस.

लेक: असा?

आई: अजून हलका. पोर उठेल.

लेक: असा.

आई: हं.

सुतार: पुढचं वाक्य काय आहे?

लेक: पुढे... एलीयाला ते कळलं तेव्हा त्यानं आपल्या झग्यानं तोंड झाकून घेतलं.

सुतार: तोंड म्हणजे डोळेसुद्धा?

लेक: तोंड गुंडाळलं म्हणजे डोळेही आलेच.

सुतार: डोळे झाकले आणि तरी बाहेर येऊन उभा राहिला. बघत नव्हता तरी त्याला कळत होतं. मग ते कातडीलाच कळलं असणार.

आई: आता कसं बोललास!

सुतार: मी मानलं असं म्हणत नाही. मापं जुळवून बघतोय. मग देव काय म्हणाला त्याला? एवढा वारा, एवढी आग करून झाल्यावर?

लेक: एकच प्रश्न विचारला. एलीया, तू इथे काय करतोयस?

सुतार: एवढंच?

लेक: एवढंच.

आई: आईच असं विचारते. रुसून माडीवर जाऊन बसलेल्या पोराला. काय करतोयस रे इथे?

सुतार: मला नाही कुणी विचारलं. मी अर्ध्या उपासनेतून उठून गेलो. कुणी आलं नाही विचारायला, बाबा, काय करतोयस बाहेर.

आई: लाज नाही वाटत खोटं बोलायला? सोमवारी आले, मंगळवारी आले! बटण दाबून दाबून बोट दुखलं माझं. आत तुझी सावली हलताना दिसत होती. दिवा काही लागेना. खिडकीतून डोकावून बघते तर दारावरचा बल्बच काढून ठेवलेला!

लेक: काका! बल्ब काढून ठेवलात?

सुतार: डोळ्यांत येत होता.

आई: ह्याला देव हाक मारत नाही म्हणे! देवानं बटण दाबलं असतं तरी काय उजेड पडणार होता? बल्ब ह्याच्या खिशात!

सुतार: खिशात नव्हता. फळीवर होता.

आई: फळीवर, तर फळीवर. हस, हस आता. आठवडाभर थोबाड सुजवून बसला होता.

सुतार: पण नावाचं राहिलंच. एलीयाला नावानं विचारलं. माझं काय नाव घेणार तो? कागदावर आहे ते मास्तरनं लिहिलेलं. माझ्या ओठांना ते कधी म्हणता आलं नाही, कुणाच्या तोंडात ते कसं दिसतं तेही मी ओळखत नाही. माझं नाव हे. अर्धं बोट. करवतीनं दिलं आणि तुम्ही लोकांनी चालवलं. हे नाव घ्यायला हात लागतात. देवाला हात आहेत का?

आई: खळी? काय झालं? एकदम उठलीस कुठे?

लेक: थांबा. एक मिनिट थांबा. बायबल कुठे ठेवलं मी? हं. काका, हे बघा, एका ठिकाणी लोक देवावर असेच रुसलेत. म्हणतात, देव आम्हाला विसरला, त्यानं आम्हाला टाकलं. तेव्हा देव म्हणतो, आई आपल्या तान्ह्या पोराला विसरेल का? आणि म्हणतो, ती एक वेळ विसरेल, मी नाही विसरणार. आणि मग म्हणतो, बघ, मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलंय.

सुतार: पुन्हा सांग.

लेक: मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलंय.

सुतार: कोरलंय की लिहिलंय? नीट बघून सांग. फरक असतो.

लेक: कोरलंय. हे वाचा तुम्हीच. इथे.

सुतार: कोरलंय.

आई: काय फरक असतो रे?

सुतार: लिहिलेलं पुसता येतं. कोरलेलं घालवायचं तर रंधा मारावा लागतो. आणि रंधा मारला की नुसतं नाव जात नाही, तेवढं लाकूडही जातं. कोरलं म्हणजे ज्याच्यावर कोरलं त्याच्यातलंच झालं ते.

आई: आणि हातावर.

सुतार: तळहातावर. आम्हाला ज्याच्यावर बसवायचे त्याच्यावर.

लेक: काका, पाणी देऊ?

सुतार: नको. दुखलं असेल.

लेक: कुणाला?

सुतार: कोरताना. छिन्नी लागतेच. मला विचार.

आई: आता तुझं नाव घ्यायला त्याला तोंड उघडायची गरजच नाही. नुसता हात वर केला की झालं.

सुतार: हं. चहा गार झाला माझा.

आई: दुसरा देते. पण आधी सांग, त्या स्टँडचं काय?

सुतार: स्टँड झालंय. समोरची फळी तेवढी कोरी ठेवली आहे. मिशीला तिच्यावर तुतारी हवी होती. देवाचा आवाज म्हणून. राग आला म्हणून मी हातच लावला नाही तिला.

लेक: मग आता तुतारी करणार?

सुतार: नाही. हात करतो. उघडा तळहात. समोर नमुना धरून कोरावा लागेल.

आई: कुणाचा हात धरणार?

सुतार: उजव्यात छिन्नी. उरतो तो माझा डावाच.

आई: त्याचं बोट अर्धं आहे, बाबा! मिशी विचारेल, देवाचं बोट कसं तुटलं?

लेक: मी समजावीन त्यांना.

सुतार: तू काही समजावू नकोस. त्याला काय विचारायचं ते मलाच विचारेल. पहिल्याच बाकावर बसलेला असेन उद्या.

आई: ये. आणि घरी गेलास की पहिल्यांदा तो दारावरचा बल्ब लाव.

सुतार: लावलाय.

आई: कधी?

सुतार: सकाळीच. लावला आणि त्याच्याकडे बघत बसलो. दुपार झाली तरी कुणी बटण दाबलंच नाही. म्हणून मग तुझा ड्रॉवर घेऊन निघालो.